जम बसला की

जायफळ किसताना बिल्कीस कोणाशी बोलत नसे. बोललं की हात सुटतो आणि बोटाचं सालपट सांदणात जातं, असं तिचं म्हणणं. त्यामुळे त्या शुक्रवारी तिचा नवरा जाफर जुम्याची नमाज आटपून आला आणि चपला काढता काढताच "बिल्कीस, मना तुझ्याशी जरा बोलायचा आहे" असं म्हणाला, तेव्हा तिने त्याला नुसती किसणी दाखवली. तो निमूट बाहेर गेला. बाईने तेवढं जायफळ खाली ठेवलं असतं तर पुढचं सगळं भर जेवणात निघालं नसतं. पण तसं व्हायचं नव्हतं.

कुवेतमधल्या अबू हलीफाच्या त्या फ्लॅटमध्ये आता चालायलाही जागा उरली नव्हती. दारापासून मोरीपर्यंत कार्गोचे खोके रचलेले. प्रत्येकावर त्यांच्या मुलाने, झैदने मार्करने लिहिलं होतं : बैठक, वरची खोली, पाहुण्यांची खोली. आत काय होतं? तर संसारभर 'हे गावच्या घरासाठी' म्हणून बाजूला ठेवलेलं सगळं. डिनर सेट, मखमली ब्लँकेटं, झुंबर. रोज जेवायला मात्र टवके उडालेल्या ताटल्या. जाफर सारंगच्याच घरात असं होतं असं नाही, आखाती कमाईवर गावाला घर बांधणाऱ्या प्रत्येकाची हीच तऱ्हा. चांगलं ते गावाला, उरलंसुरलं इथं.

जाफरचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, या महिन्याअखेर संपत होता. शुऐबाच्या बंदरात उभं आयुष्य जहाजं ओढणाऱ्या टगवर काढल्यावर कंपनीने त्याला हार घातला, केक कापला आणि साठी उलटलेल्या माणसाला म्हणाली, आता या. त्याच्या निरोपाचं म्हणून आजचं जेवण होतं. पाहुणा एकच, धाकटा भाऊ मुझफ्फर. फहाहीलच्या बाजारात त्याचं अत्तरांचं दुकान होतं, आणि तो जिथे जाईल तिथे त्याच्याआधी उदाचा वास पोचत असे.

दस्तरखान अंथरलं. कोलंबीचा पुलाव, तळलेलं झुबैदी पापलेट, सोलकढी. मुझफ्फरने बिस्मिल्ला म्हणून पहिला घास घेतला आणि दुसऱ्या घासाला बातमी सोडली.

"भाय, जमातीने ठरवला आहे. तू आलास की तूच सदर, जमातीचा अध्यक्ष. जयगडच्या फाट्यावर बॅनर लागणार. तुझा तो टगवरचा फोटो पाठवलाय मी."

"बॅनर नको लावू," जाफर माशाचा काटा काढत म्हणाला. "मी गावाला येत नाय."

"मंजे? तिकीट पुढं ढकललास?"

"तिकीट दुसऱ्या गावचा काढतोय. विल्फ्रेडच्या."

घरात विल्फ्रेडला न ओळखणारं कोणी नव्हतं. एका मालवाहू जहाजाचा तो चीफ इंजिनियर. कॅरेबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावरचा. जहाज शुऐबाला लागलं की जाफरच्या टगवर उडी मारून यायचा आणि घरच्या बागेतल्या जायफळांची पिशवी द्यायचा. आताही सांदणात पडलं ते त्याचंच. दोन वर्षांपूर्वी तो निवृत्त होऊन गावी परतला होता आणि तेव्हापासून रोज सकाळी जाफरला समुद्राचा फोटो धाडत होता. पण 'विल्फ्रेडचं गाव' ही घरात थट्टेची गोष्ट होती. भाजी जळली की बिल्कीस म्हणायची, जा, विल्फ्रेडच्या गावाला जाऊन जेवा.

"त्याच्या घराला लागून दोन खोल्या आहेत," जाफर सांगू लागला. "दार उघडला की वाळू. गाव एवढासा. संध्याकाळी होड्या लागतात, ताजी मासळी. कोणाला घाई नाय. कोण विचारत नाय की बाबा, किती कमावलास नि किती उरलाय. मी सगळा विचारून ठेवलाय, कागदपत्रांचा पण."

"तौबा!" मुझफ्फरचा घास हातातच राहिला. "या वयात? डोका ठिकाणावर आहे ना? तिथं आपला कोण आहे? उद्या काय झाला तर खांदा द्यायला चार माणसं मिळतील का?"

"अब्बा, लेट्स बी प्रॅक्टिकल," झैद म्हणाला. "तुमचा शुगर, बीपी. तिथे हॉस्पिटल कुठे, आम्ही कुठे."

"आणि एवढा वाडवडलांचा गाव सोडून..." मुझफ्फर म्हणाला.

"गावाला काय आहे?" जाफरचा आवाज चढला. "सांग ना, काय आहे? खाडीच्या काठावर जागा, आणि घर बांधला तर रस्त्याकडं तोंड करून! मागं खाडी आणि खाडीकडं काय, तर मोऱ्या! पुढं काळ्या काचा, एवढा मोठा गेट, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघावा म्हणून. मी जन्मभर पाण्यावर राहिलो, आणि म्हातारपणी बसून एसट्या मोजू?"

हे जुनं दुखणं होतं. घर बांधलं तेव्हा जाफर इथे होता आणि देखरेखीला गावात मुझफ्फर. दर सुट्टीत, दर ईदेला जाफर त्या घराच्या तोंडावरून भावाला टोचायचा आणि मुझफ्फर मान खाली घालून ऐकून घ्यायचा. आजही त्याने तेच केलं. फक्त एकदा भाबीकडे बघितलं. बिल्कीस सोलकढी वाढत होती.

"आणि अम्मी?" असं विचारणारी एकटी अदिबा होती. सून म्हणून या घरात येऊन तिला वर्ष झालं होतं, आणि या घरात सगळे सगळ्यांच्या वतीने बोलतात हे तिच्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं होतं. "अम्मी जाणार तुमच्याबरोबर?"

"जाणार म्हणजे? जाणारच ना," जाफर म्हणाला, आणि मग बायकोकडे वळून अगदी मायेने म्हणाला, "मी पुढं जातो. बघतो कसा काय ते. जम बसला की तुला बोलावतो."

बिल्कीसच्या हातातला डाव भांड्यावर आपटला. थोडी सोलकढी दस्तरखानावर सांडली. तिने ती पुसली, उठली, आणि भात संपला नसतानाही भात आणायला आत गेली.

झैदला वाईट वाटलं, पण ते आईसाठी नव्हतं, आणि त्याची त्याला लाज वाटली. तो याच किनाऱ्यावर जन्मला. त्याची शाळा इथली, क्रिकेट इथलं, अदिबाला लग्नाआधी पहिल्यांदा फिरवायला आणलं तेही इथल्याच समुद्रावर. कोणी 'गाव कुठलं' विचारलं की तो रत्नागिरी म्हणायचा आणि मनात अबू हलीफा म्हणायचा. पण तो नोकरीला होता त्या बँकेने उद्या नको म्हटलं की त्यालाही असेच खोके भरायचे होते, अशा गावासाठी जिथली पोहता येईल अशी एक विहीरसुद्धा त्याला माहीत नव्हती. अब्बांना निदान दोन गावं होती. एक नको म्हणून दुसरं मागायची त्यांची ऐट त्याला बोचत होती.

"चाचा, तुम्ही काहीतरी बोला ना," तो मुझफ्फरला म्हणाला.

पण मुझफ्फरचा विचार एव्हाना बदलला होता. तो पुलावातली कोलंबी शोधत होता आणि डोळ्यापुढे त्याला हफिजा दिसत होती, त्याची बायको. गावच्या त्या घराचा खालचा मजला तिच्या ताब्यात. भावोजी कायमचे येणार हे कळल्यापासून तिने फोनवर जीव खाल्ला होता, वरच्या खोल्यांत माझी लोणची आहेत, मुलांचे पलंग आहेत, ते कुठे नेऊ? भाय आलाच नाही तर? बरोबर नव्हे असं मनात येणं, पण आलं. घर काय पळून जात नव्हतं. बॅनरवर फोटो दुसऱ्याचा लावता येईल.

"बघ झैद," तो घसा खाकरून म्हणाला, "हवापालट म्हणून गेला तर... माणसाची हौस असते. सहा महिने जाऊन यावा. घराकडं आम्ही आहोतच."

"आताच तर खांदा द्यायला चार माणसं नव्हती, चाचा," अदिबा म्हणाली.

"गो पोरी, तू फार हुशार आहेस," मुझफ्फर हसला, पण कानापर्यंत लाल झाला.

अदिबा रिकामी परात घेऊन आत गेली. बिल्कीस ओट्याला टेकून उभी होती. सांदणं वाफवून झाली होती, झाकण काढायचं राहिलं होतं. वेलची आणि जायफळाचा वास सगळीकडे भरलेला.

"अम्मी, रडताय?"

"वाफ गेली डोळ्यात." मग म्हणाली, "नाय, रडतेच आहे. लपवून काय करू? तुना सांगते. आमचा निकाह झाला नि दीड महिन्यात हे जहाजावर गेले. एसटीत चढताना काय बोलले ठाऊक आहे? हाच. शब्दाला शब्द. मी पुढं जातो. जम बसला की तुला बोलावतो."

"मग?"

"मग काय. जहाज झाला, मग कुवेत झाला, जम काय बसेना. दहा-अकरा वर्षं गेली, अदिबा, तेव्हा कुठं मी इथं आले. वर्षातनं एक महिना नवरा. त्यातले आठ दिवस पाहुण्यांचे, आठ दिवस त्यांच्या पोटदुखीचे. सासूने सांगितला, पोर नाय म्हणून दुसरी करू दे त्याना. पोर काय टपालाने येते?" ती रडता रडता हसली. "आणि आज परत तेच बोलले. त्यांच्या ध्यानात पण नाय गो, की हे आपण एकदा बोललोय."

"तुम्हाला गावाला जायचंय ना, अम्मी? तुम्ही ठाम सांगा. मी आहे तुमच्या बाजूने."

बिल्कीसने टोपावरचं झाकण काढलं. बोटाने एक सांदण दाबून बघितलं.

"गावाला?" ती म्हणाली. "त्या घरात मी काय कमी बसले?"

बाहेर गॅलरीत जाफर एकटा उभा होता. दोन इमारतींच्या मधून समुद्राची एक पट्टी दिसायची, त्या पट्टीवर त्याचा फार जीव. त्याला कोणी समजून घेत नव्हतं, असं त्याला वाटत होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. टगवरच्या माणसाचं दुःख वेगळंच. भलं मोठं जहाज येतं, त्याला दोरखंड लावायचा, हळूहळू धक्क्याला आणायचं. माल भरला की पुन्हा ओढून खोल पाण्यात न्यायचं. मग दोरखंड सोडायचा. जहाज भोंगा वाजवतं आणि निघून जातं, सिंगापूरला, ब्राझीलला, कुठे कुठे. टग मागे वळतो आणि त्याच धक्क्याला येऊन बांधला जातो. इतकी वर्षं त्याने दुसऱ्यांना वाटेला लावलं होतं. विल्फ्रेडचं जहाज सोडल्यावर दर वेळी तो ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहायचा. एकदा, मरायच्या आधी एकदा, त्याला दोरखंड सोडून परत फिरायचं नव्हतं. मागणं मोठं होतं का?

मुझफ्फर शेजारी येऊन उभा राहिला.

"भाय, भाबी रडते."

"समजूत काढीन मी. बोलावणार आहे म्हटला ना?"

मुझफ्फर काहीतरी बोलणार होता. ओठापर्यंत आलं होतं. पण त्याने एकदा शब्द दिलेला होता, म्हणून आलेलं बोलणं गिळून तो म्हणाला, "चल, चाय झाली."

सांदणं आली, चहा आला. बिल्कीसने तोंड धुतलं होतं आणि ओढणी नीट घेतली होती. सगळ्यांच्या ताटलीत नारळाचं दूध वाढून झाल्यावर ती झैदला म्हणाली, "तो विल्फ्रेडचा नंबर लाव. व्हिडिओवर."

"आत्ता?" जाफर दचकला.

"तिकडं सकाळ असेल. म्हातारी माणसं उठलेली असतात."

झैदने बापाकडे बघितलं, मग आईकडे, आणि फोन लावला. विल्फ्रेड नव्हता, होड्यांकडे गेला होता. पडद्यावर आली त्याची बायको डोरीन. डोक्याला रुमाल, हातात खराटा. कोणीतरी आपल्याकडे बघून इतकं खूश झाल्याचं बिल्कीसने पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं.

"जाफर्स वाइफ!" डोरीन ओरडली. "सांग तिला, एवढी वर्षं माझं जायफळ खातेस, कधी येतेस?"

झैदने मराठी करून सांगितलं. बिल्कीस फोनच्या इतकी जवळ गेली की तिकडे नुसतं नाकच दिसलं असेल.

"घर दाखव म्हणावा."

डोरीनने फोन फिरवला. दोन खोल्या, निळं दार. दाराबाहेर वाळू आणि वाळूपलीकडे पाणी, खरंच इतकं जवळ. अंगणात चटईवर काहीतरी तपकिरी वाळत घातलं होतं.

"ती जायफळा आहेत?" बिल्कीस म्हणाली. "आपण सुपारी घालतो तशीच घातलीत की! उलटी करायला हवीत, खालनं दमट राहतात."

हे झैदने सांगितल्यावर डोरीन कमरेवर हात ठेवून हसली आणि म्हणाली, माझा नवराही रोज हेच सांगतो आणि उलटी मात्र कधी करत नाही.

मग बिल्कीस सरळ बसली आणि जे काही इंग्रजी तिला येत होतं ते सगळं गोळा करून म्हणाली, "डोरीन. आय कम. मी फर्स्ट. जाफर नो. जाफर आफ्टर."

तिकडून "कम, कम!" ऐकू आलं. झैदने फोन ठेवला.

"हे काय?" जाफर म्हणाला. "एकटी? तू? तुना इथं लिफ्टमध्ये एकटीला भीती वाटते."

"वाटू दे. तुमाला जहाजावर वाटली नसेल? झैद सुट्टी घेऊन सोडायला येईल. येशील ना रे?"

"येईन," झैद म्हणाला. तो आपल्या आईकडे असा बघत होता, जणू ती त्याला आजच भेटली होती. "अम्मी, आय विल टेक यू."

"आणि मी?"

"तुम्ही खोके घेऊन गावाला जायचा. घर लावायचा. ओटीवर बसायचा."

"त्या ओटीवर? रस्त्याकडं बघत? बिल्कीस, थट्टा पुरे झाली. त्या घराचा तोंड ज्याने रस्त्याकडं केला त्याला बसव तिथं!" आणि त्याने सवयीने भावाकडे बोट केलं.

"भाय, मी नव्हतो," मुझफ्फर म्हणाला.

त्याचा आवाज इतका बारीक आला की त्यालाच आश्चर्य वाटलं. मग त्याने बिल्कीसकडे बघितलं. "भाबी, आता सांगतो. लय वर्षं खाल्ली बोलणी. गवंड्याने दोऱ्या मारल्या होत्या त्या खाडीकडंच. पाया पण खणायला घेतला होता."

"मी बदलायला लावला," बिल्कीस म्हणाली. "तुमी फोनवर बोललात, काय ते तुम्ही बघा. मी बघितला. गवंड्याला बोलले, तोंड रस्त्याकडं कर. मुझफ्फरना कसम घातली, कोणाला सांगायचा नाय."

"का?" जाफरला खरोखर कळलं नव्हतं. "दाखवायला?"

"कोणाला दाखवू? तुमी रस्त्याने येणार होतात ना!" तिचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही. "खाडीतनं येणार होतात का? मुंबईची एसटी रस्त्याने येते. टॅक्सी रस्त्याने येते. टपालवाला पण रस्त्याने. मी रांधताना, निवडताना, तुमच्या आईचे पाय चेपताना मना रस्ता दिसायला हवा होता. मागं खाडी आहे, हे मना ठाऊक नव्हता? मना पाणी आवडत नाय? सांज झाली की पाण्यावर ऊन काय सुंदर पडतो, मी धुणी वाळत घालताना बघायचे आणि परत पुढं जाऊन बसायचे. गाडीचा आवाज आला की उठायचे. दुसऱ्याच कोणाचा तरी नवरा उतरायचा."

अदिबा उठून सासूच्या मागे जाऊन बसली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. मुझफ्फर डोळे पुसत होता. त्यानेही हफिजाला अजून बोलावलं नव्हतं. लोणची, पलंग, वरच्या खोल्या हे सगळं त्याला एकदम आठवलं आणि त्याला आपल्या बायकोची फार आठवण आली.

जाफरने ताटली खाली ठेवली. त्याला त्या घराची ओटी दिसत होती. सुट्टीवर आला की टॅक्सीतून उतरताना ती दर वेळी तिथे उभी असायची, आणि त्याला वाटायचं, बायकोला कसं बरोबर कळतं आपण आता येणार ते. इतकी वर्षं त्याने हे कौतुकाने मित्रांना सांगितलं होतं. विल्फ्रेडलाही सांगितलं होतं.

"बरोबर जाऊया ना," तो हळूच म्हणाला. "दोघा. एकदमच."

"नाय." बिल्कीसने डोळे पुसले. "मी पुढं जाते. पाण्यात पाय सोडून बसते जरा. कसा काय ते बघते. जायफळा उलटी करते त्या बाईची. तुम्ही बसा. रस्ता चांगला दिसतो तिथनं."

खाली रस्त्यावर कोणाच्या तरी गाडीने हॉर्न दिला. मग जाफरने विचारलं, आणि ते विचारताना तो साठीचा वाटत नव्हता, पंचविशीचाही वाटत नव्हता.

"मना कधी बोलावशील?"

"जम बसला की," बिल्कीस म्हणाली, आणि अजून एक सांदण त्याच्या ताटलीत वाढलं.